थरांमधलं अंतर बदलायचंय: दाबाचा सेल घ्यावा की मध्ये एचबीएन घालावं?

ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) नाहीतर टीएमडीचे (मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या थराथरांच्या पदार्थांचे) थर एकावर एक ठेवून काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की दोन थरांमधलं अंतर मुद्दाम बदलून बघायचं असेल तर कुठल्या रस्त्याने जायचं. गाईडला विचारलं तर ते म्हणतात दोन्ही करून बघ, पण दोन्हीत जाणारा वेळ त्यांचा नसतो, आपला असतो. मी दोन्ही रस्ते तुडवलेत आणि शेवटी एकावर स्थिरावलो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं. फ्लेक (क्रिस्टलचे पातळ पापुद्रे) कसे काढतात, ट्रान्सफर कसं करतात, मोनोलेयर (एकच थर) कसा ओळखतात हे इथे सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला येतंय असं धरून चालतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोन्ही रस्ते उलट दिशेचे आहेत. दाब दिला की थर जवळ येतात, मध्ये एचबीएनचा (हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड, वीज न वाहू देणारा पदार्थ) थर घातला की लांब जातात. मग तुलना कसली, असं कुणीही म्हणेल, आणि तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे ते. पण प्रत्यक्षात थिसिसचं चॅप्टर असतं "अंतर बदललं की काय होतं" या नावाचं, आणि त्यात अंतर कमी करून दाखवलं काय आणि वाढवून दाखवलं काय, परीक्षक दोन्हीला मान डोलावतात. म्हणून निवड खरीच करावी लागते.

अंतराने फरक पडतो तो दोन वेगवेगळ्या कारणांनी, आणि निवडीचं अर्धं उत्तर तिथेच आहे. एक म्हणजे हॉपिंग, इलेक्ट्रॉनचं एका थरातून दुसऱ्यात उडी मारणं, ते अंतराबरोबर एक्स्पोनेन्शियली बदलतं. ग्राफाईटमध्ये थर ३.३५ अँगस्ट्रॉमवर असतात आणि बरोबर एकमेकांच्या डोक्यावर बसलेल्या दोन कार्बनमधलं हॉपिंग साधारण ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतं, अंतर दोन-तीन टक्क्यांनी कमी झालं तरी ते दहा टक्क्यांच्या वर वाढतं. दुसरं म्हणजे कूलॉम्ब, एका थरातल्या चार्जला दुसऱ्या थरातल्या चार्जची जाणीव होणं, हे मात्र अंतराबरोबर अगदी निवांत कमी होतं. म्हणजे दोन थर एक नॅनोमीटर लांब नेले तर हॉपिंग जवळजवळ मेलं, पण कूलॉम्ब चांगलं धडधाकट आहे. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते आधी स्वतःला विचारा. हॉपिंग वाढवायचं असेल तर दाबाला पर्याय नाही. हॉपिंग मारून कूलॉम्ब तेवढं ठेवायचं असेल तर एचबीएन, आणि त्यातही फारशी चर्चा नको. खरी पंचाईत मधल्या लोकांची होते, ज्यांना नुसतं बघायचंय की कपलिंग (दोन थरांचा एकमेकांशी संबंध) बदललं की पीएलचं (लेझर मारल्यावर सँपलमधून निघणाऱ्या उजेडाचं) काय होतं, गॅपचं (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतल्या फटीचं) काय होतं, एक्सिटॉनचं (इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, यांच्या जोडीचं) काय होतं. मी त्यातलाच.

दाबाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण चांगलं बरंच आहे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सँपल तेच राहतं. तोच फ्लेक, तोच ट्विस्ट अँगल (एक थर दुसऱ्यावर जितका फिरवलाय तो कोन), तीच घाण, तेच कॉन्टॅक्ट, फक्त अंतर बदलतंय. ट्विस्टेड बायलेयर ग्राफीनमध्ये (एकमेकांवर फिरवून ठेवलेल्या ग्राफीनच्या दोन थरांत) याची किंमत काय आहे ते कोलंबिया आणि सांता बार्बराच्या लोकांनी २०१९ मध्ये दाखवलं. मॅजिक अँगल, म्हणजे ज्या कोनाला ते सुपरकंडक्टिंग (विनारोध वीज वाहणारं) होऊ शकतं तो, १.१ अंशाच्या आसपास, त्यांचं एक डिव्हाईस १.२७ अंशांचं, म्हणजे तसं बघितलं तर वाया गेलेलं. त्याला १.३३ गिगापास्कल दाब दिला, हॉपिंग वाढलं, हॉपिंग वाढलं की मॅजिक अँगलही त्याच प्रमाणात वर सरकतो, आणि ते वाया गेलेलं डिव्हाईस ३ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिंग झालं. एमआयटीने २०१८ मध्ये पहिल्यांदा दाखवलेला क्रिटिकल टेंपरेचर (ज्याखाली सुपरकंडक्टिव्हिटी येते ते तापमान) १.७ केल्विन होता हे लक्षात घेतलं तर ही काही छोटी गोष्ट नाही. आता विचार करा, अँगल एक दशांश अंशाने चुकला म्हणून आपण किती स्टॅक कपाटात टाकून दिलेत, आणि इथे एक नट आवळून तो अँगल दुरुस्त करता येतोय.

आणि ग्राफीनमध्ये दाब तसा प्रामाणिक असतो. प्रतलातला (थराच्या आतला, आडवा) कार्बन-कार्बन बंध इतका कडक की सी-अक्षाच्या (थरांना उभ्या दिशेच्या) तुलनेत तो साधारण तीस पट ताठ पडतो, त्यामुळे तुम्ही चहूबाजूंनी दाबलं तरी आकसतं ते थरांमधलंच अंतर. एका गिगापास्कलला दोन-अडीच टक्के. बाकी काही हलत नाही म्हटलं तरी चालेल.

टीएमडीत ही चैन नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये प्रतलातला आणि उभा कडकपणा यांत चार-पाच पटींचाच फरक आहे, त्यामुळे दाब दिला की थर जवळ येतात हे खरं, पण प्रत्येक थर स्वतःही आत आकसतो. प्रतल आकसलं की के पॉइंटचा डायरेक्ट गॅप (इलेक्ट्रॉनला संवेग न बदलता ओलांडता येणारी फट) वर जातो आणि थर जवळ आले की इनडायरेक्ट गॅप (जिथे संवेग बदलावा लागतो ती) खाली येतो, दोन्ही एकाच वेळी, एकाच स्पेक्ट्रममध्ये. मग बसा डीएफटीवाल्याच्या (कॉम्प्युटरवर क्वांटम हिशोब करणाऱ्याच्या) मागे लागून की बाबा यातला किती अंतराचा आणि किती स्ट्रेनचा (थर ताणला-आकसला गेल्याचा). शिवाय फ्लेक सिलिकॉनच्या वेफरवर चिकटलेला असेल तर वेफर वेगळ्या दराने आकसतो आणि फ्लेकला बरोबर ओढतो, तो तिसरा हिशोब. आणि चौथा हिशोब क्रोमियम आयोडाइडवाल्यांना (हा थराथरांचा चुंबकीय पदार्थ) माहितीच असेल, २०१९ मध्ये दोन ग्रुपनी दाखवलं की दाबाखाली बायलेयरचं स्टॅकिंगच (थर एकमेकांवर बसण्याची रीत) घसरून बदलतं, अँटिफेरोमॅग्नेटचा फेरोमॅग्नेट होतो (उलट दिशांना चुंबकलेले थर एकाच दिशेला येतात), आणि दाब काढला तरी ते मूळ जागी परत येत नाही. शोध म्हणून फारच सुंदर, पण तुमचा विषय "अंतराचा परिणाम" असेल तर आता सांगा तो अंतराचा की घसरण्याचा.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. फिजिक्स गुंतागुंतीचं असतं, त्यात तक्रार नाही. माझं मन उडालं ते भलत्याच गोष्टीने.

ट्रान्सपोर्टसाठी (सँपलमधून वीज कशी वाहते ते मोजण्यासाठी) जो पिस्टन-सिलिंडर सेल वापरतात तो ज्यांनी बंद केलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सँपल एका प्लगवर बसतं, प्लगमधून तारा बाहेर येतात आणि ते भोक काळ्या एपॉक्सीने भरलेलं असतं. प्लगवर टेफ्लॉनची छोटी वाटी उपडी घालायची, ती डॅफ्ने ७३७३ तेलाने काठोकाठ भरलेली, आत बुडबुडा राहता कामा नये. मग ते सगळं धूड सिलिंडरमध्ये, वरून पिस्टन, हायड्रॉलिक प्रेस, आणि प्रेस चढवता चढवता एका हातात मल्टिमीटर धरून एकेक जोडी तपासत राहायचं. दोन किलोओहम, दोन किलोओहम, अडीच, दोन, आणि मग एका जोडीवर आकडा जाऊन ओएल (सर्किट तुटलंय अशी खूण) येतं. झालं. आत एक सोन्याची तार तुटली, नाहीतर पॅडवरून उचलली गेली, नाहीतर एपॉक्सीत चीर गेली, काय झालं ते कळायला मार्गच नाही कारण आत बघता येत नाही. सेल उघडायचा म्हणजे दाब सोडायचा, तेल धुवायचं, आणि ज्या फ्लेकवर तुमचा सगळा जीव तो या सगळ्यातून परत एकदा जाणार.

बरं, तारा टिकल्या असं समजू. नट आवळला, सेल क्रायोस्टॅटमध्ये (सँपल अतिथंड करणाऱ्या यंत्रात) गेला, थंड झाला. थंड होताना तेल गोठतं आणि आकसतं, त्यामुळे वर जेवढा दाब दिला त्यातला ०.२ गिगापास्कलच्या आसपास खाली जाईपर्यंत गेलेला असतो. प्रत्यक्ष किती उरला ते कळायला आत फायबरच्या टोकाला माणकाचा कण ठेवतात, त्याच्या उजेडाची ६९४ नॅनोमीटरची रेष गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर सरकते, पण ती तापमानानेही सरकते, म्हणून तेही दुरुस्त करायचं. ठीक आहे, हेही जमतं. मोजलं. आता पुढचा पॉइंट हवा. तर सेल पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायचा, बाहेर काढायचा, पुन्हा प्रेसखाली, पुन्हा मल्टिमीटर, पुन्हा ओएलची भीती, पुन्हा थंड. हा सेल म्हणजे जाड धातूचा गठ्ठा, त्यामुळे तो थंड व्हायलाही त्याचा त्याचा वेळ घेतो आणि गरम व्हायलाही. ग्राफवर दाबाचे पाच ठिपके दिसतात ना पेपरमध्ये, त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक पूर्ण थर्मल सायकल (गरम करून पुन्हा थंड करण्याची फेरी) आहे. गेट व्होल्टेज (सँपलशेजारच्या इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज) आपण नॉब फिरवून बदलतो तसं हे मुळीच नाही. आणि प्रत्येक सायकलमध्ये कॉन्टॅक्ट जायची शक्यता तेवढीच, त्यामुळे जसजसा डेटा चांगला होत जातो तसतसं सँपल मरायच्या जवळ जातं. मला या एकाच गोष्टीचा जाम कंटाळा आला. हेलियमचं बिल वेगळंच. टीआयएफआरसारखा (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) स्वतःचा लिक्विफायर (हेलियम द्रव करणारं यंत्र) असलेल्या ठिकाणी हे जरा सुसह्य होतं, बाकी ठिकाणी प्रत्येक सायकलला कुणाची तरी सही लागते.

ऑप्टिक्सवाल्यांना डायमंड अॅन्व्हिल (दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सँपल दाबणारा सेल) आहे आणि तिथे तारांची कटकट नाही, हे मान्य. आरपार बघता येतं, मेथॅनॉल-इथॅनॉलचं चारास एक मिश्रण घातलं तर दहा गिगापास्कलपर्यंत दाब सगळीकडून सारखा राहतो, आणि गॅस मेंब्रेनचा सेल असेल तर थंड असतानाही दाब बदलता येतो. मॉस-टू (म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडच) जवळपास १९ गिगापास्कलला मेटल होतं ते याच सेलमध्ये दिसलं. मोठा दाब हवा असेल आणि गेट नको असेल तर हा सेल खरंच छान आहे. पण गेट, एक-दोन कॉन्टॅक्ट आणि कमी तापमानाचं पीएल असं सगळं एकत्र हवं असलं, आणि मला ते हवं होतं, की मग हिऱ्याच्या त्या चिमुकल्या टोकावर तारा न्यायच्या म्हणजे पुन्हा तीच रडकथा, अजून लहान जागेत.

आता एचबीएन. लोक याला फार साधं समजतात, मध्ये एक थर घातला की झालं. साधं ते नाहीच. मोनोलेयर एचबीएन शोधणं हा एक स्वतंत्र छळ आहे. नेहमीच्या ३०० नॅनोमीटर ऑक्साइडच्या वेफरवर त्याचा कॉन्ट्रास्ट दीड टक्क्यापेक्षा कमी, आणि वर दृश्य प्रकाशाच्या मधोमध त्याचं चिन्हच बदलतं, म्हणजे निळ्याकडे जरा उजळ दिसतं आणि लालकडे जरा गडद, पांढऱ्या उजेडात दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि तुम्ही रिकाम्या वेफरकडे बघत बसता. मँचेस्टरवाल्यांनी २०११ मध्येच सांगून ठेवलंय की ८० नॅनोमीटरच्या आसपासचा ऑक्साइड घ्या, तिथे चिन्ह बदलत नाही आणि कॉन्ट्रास्ट जवळपास दुप्पट होतो. तरी आजही लॅबमध्ये जुना वेफरचा डबा संपवायचा म्हणून लोक ३०० वर डोळे फोडून घेतात. ८० किंवा ९० चा वेफर मागवा, हिरवा फिल्टर लावा, कॅमेऱ्याचा कॉन्ट्रास्ट ताणा, मग मोठ्या जाड फ्लेकच्या कडेला एक अगदी पुसटशी पट्टी दिसते, डोळ्यांनी दिसते की नुसता भास आहे अशी, आणि स्टेज जरा हलवलं की ती बरोबर सरकते, तेव्हा कळतं की आहे. रामनने (लेझरच्या विखुरलेल्या उजेडावरून अणूंची कंपनं मोजून) खात्री करायची, मोनोलेयरची रेष जाड क्रिस्टलच्या १३६६ पासून तीन-चार वेव्हनंबर वर असते.

दुसरा त्रास बुडबुड्यांचा. नव्या वहीला चिकटणारं प्लास्टिकचं कव्हर घालताना मध्ये हवा अडकते ना, अगदी तसंच, फक्त इथे हवेबरोबर हायड्रोकार्बनचा चिकटाही असतो. उपायही तोच, पट्टीने कडेकडे सारत न्यायचं, म्हणजे एएफएम (बारीक टिपने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप) काँटॅक्ट मोडमध्ये ठेवून टिपने झाडून काढायचं. हे करा, टाळू नका. कारण ज्या जागी चिकटा आहे तिथलं अंतर तुम्ही समजताय ते नाहीच. व्हॅक्यूममध्ये अॅनिलिंगही करा, म्हणजे तापवा, अडकलेलं निघून गेलं की थर खरोखर एकमेकांना टेकतात. अॅनिलिंगच्या आधी दोन मोनोलेयर एकमेकांना ओळखत नसल्यासारखे दोन वेगळी पीएल देतात आणि नंतर ती पीएल दबून इंटरलेयरचा (दोन थरांमधल्या एक्सिटॉनचा) पीक वर येतो, हे कित्येकांनी पाहिलंय. म्हणजे नुसतं भाजून अंतर कमी करता येतं, फुकटात. लो फ्रिक्वेन्सी रामनची सोय असेल तर एक चांगली खूण आहे, दोन थर खरेखुरे टेकले असतील तरच ब्रीदिंग मोड (थर एकमेकांच्या जवळ-लांब होण्याचं कंपन) दिसतो, मॉस-टूच्या बायलेयरमध्ये चाळीस वेव्हनंबरच्या जवळ, वेगवेगळ्या दोन थरांच्या जोडीत जरा खाली. घाण असेल तर तिथे सपाट.

तिसरा आणि खरा आक्षेप हा, की दाबात सँपल तेच राहतं आणि स्पेसरमध्ये प्रत्येक अंतराला नवं सँपल. एक थराचं एक डिव्हाईस, दोन थरांचं दुसरं, शून्याचं तिसरं, आणि तिघांचा अँगल वेगळा, स्ट्रेन वेगळा, नशीब वेगळं. मग फरक दिसला तर तो अंतराचा कशावरून? दाबवाले हा मुद्दा फार आवडीने काढतात.

पण यावर एक उत्तर आहे आणि माझं मत तिथेच फिरलं. स्कॉचटेपने काढलेल्या एचबीएनच्या फ्लेकला कडेला पायऱ्या असतात. एकच क्रिस्टल, पण इथे एक थर, पलीकडे दोन, त्याच्या पलीकडे तीन, आणि कडेच्या बाहेर अर्थातच शून्य. असा पायऱ्यांचा फ्लेक मुद्दाम शोधायचा आणि तो स्पेसर म्हणून घालायचा. वरचा टीएमडी अखंड एकच, खालचा अखंड एकच, त्यामुळे अँगल सगळीकडे तोच, ट्रान्सफर तेच, अॅनिलिंग तेच, गेट तोच. लेझर दहा मायक्रॉन सरकवला की अंतर ३.३ अँगस्ट्रॉमने बदललं. परत सरकवला, परत आलं. थर्मल सायकल नाही, प्रेस नाही, ओएल नाही. आणि शून्य थराची जागा त्याच डिव्हाईसवर असल्याने तुलना शेजारी शेजारी होते. असा फ्लेक मिळायला वेळ लागतो, खोटं कशाला बोलू, पण तो वेळ मायक्रोस्कोपसमोर चहा घेत जातो, क्रायोस्टॅट गरम व्हायची वाट बघत नाही.

आणि अंतर किती हे तुम्हाला डीएफटीला विचारावं लागत नाही. एचबीएनचा एक थर म्हणजे ३.३३ अँगस्ट्रॉम, हे निसर्गाने ठरवून दिलंय. वर ते डिव्हाईसमध्येच तपासताही येतं, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इंटरलेयर एक्सिटॉनमध्ये इलेक्ट्रॉन एका थरात आणि होल दुसऱ्यात, म्हणजे उभा डायपोल (दोन टोकांना उलट चार्ज). वर-खाली गेट लावून उभं इलेक्ट्रिक फील्ड दिलं की त्याचा पीक सरळ रेषेत सरकतो आणि त्या रेषेचा उतार म्हणजेच इलेक्ट्रॉन आणि होलमधलं अंतर. नुसत्या मॉलिब्डेनम डायसेलेनाइड आणि टंगस्टन डायसेलेनाइडच्या जोडीत ते ०.६-०.७ नॅनोमीटरच्या घरात येतं, मध्ये एक थर घातला की सुमारे एक तृतीयांश नॅनोमीटरने वाढायला हवं. ते वाढलं तर स्टॅक स्वच्छ आहे. जास्तच वाढलं तर मध्ये चिकटा आहे, त्या जागेचा डेटा बाजूला ठेवा. दाबाच्या सेलमध्ये हीच युक्ती लावायला गेलात तर बदल दशांश अँगस्ट्रॉमचा, तो उताराच्या एररमध्येच बुडून जातो. मला तरी तो कधी समाधानकारक दिसला नाही, कुणाच्या हाताला जास्त यश असेल तर माहीत नाही.

तोटाही सांगतो. अंतर पायरीपायरीनेच वाढतं, मधलं काही मिळत नाही, आणि पहिली पायरीच हॉपिंगसाठी फार मोठी आहे. तरी पूर्ण शून्य होत नाही बरं का, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात २०२० साली मॉलिब्डेनम डायसेलेनाइडच्या दोन थरांमध्ये एकच एचबीएन घालून केलेल्या कामात होल त्या भिंतीतूनही पलीकडे डोकावतात आणि एक्सिटॉन दोन्ही थरांत मिसळतात असं दिसलं. पण कपलिंग हळूहळू कमी होताना बघायचं असेल तर इथे ते "हळूहळू" नाहीये. आणि अंतर वाढलं की इंटरलेयर एक्सिटॉनचा उजेड मंदावतो, इलेक्ट्रॉन आणि होल लांब गेले की ते एकमेकांना भेटतात कमी, जगतात जास्त, आणि डिटेक्टरवर फोटॉन मोजताना आपला जीव जातो. दोन थरांवर सिग्नल मिळाला तर खूश व्हा, तीनवर इंटिग्रेशन टाईम वाढवून जेवायला जा.

पण मग जिथे उजेड नको, नुसतं कूलॉम्ब हवंय, तिथे हाच स्पेसर बादशहा आहे. मँचेस्टरमध्ये ग्राफीनच्या दोन थरांमध्ये नॅनोमीटरभर एचबीएन घालून कूलॉम्ब ड्रॅग मोजलं ते २०१२ मध्ये, एका थरात करंट सोडला की दुसऱ्यात व्होल्टेज, मध्ये एक इलेक्ट्रॉनही न जाता. आणि २०१९ मध्ये कॉर्नेल-कोलंबियाच्या लोकांनी दोन सेलेनाइडांमध्ये दोन-तीन थर घालून शंभर केल्विनपर्यंत एक्सिटॉन कंडेन्सेशनचे (सगळे एक्सिटॉन एकाच क्वांटम अवस्थेत येण्याचे) पुरावे दिले. दाबाने हे कधीच होणार नव्हतं, उलट इलेक्ट्रॉन पलीकडे गळून सगळं संपलं असतं.

इंटरकॅलेशनबद्दल (थरांमध्ये परके अणू-रेणू घुसवण्याबद्दल) विचारणारे असतातच. आकडे बघितले की मोह होतो खरा. ग्राफाईटमध्ये पोटॅशियम घाला, ३.३५ चं ५.३५ होतं. ब्लॅक फॉस्फरसमध्ये लांब शेपटीचे सेंद्रिय रेणू घाला, पाचाचं अकरा होतं. आयर्न सेलेनाइड स्वतः ८ केल्विनला सुपरकंडक्टर, मध्ये लिथियम आणि अमोनियाचे रेणू घातले की ४३ केल्विन. पण आत जाणारा पाहुणा बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन देतो नाहीतर काढून घेतो, आणि मग फरक अंतराने पडला की डोपिंगने (इलेक्ट्रॉनची संख्या बदलल्याने) यावर तुम्ही आणि रेफरी आयुष्यभर भांडत राहता. लिथियमने तर मॉस-टूची फेजच बदलते. नवीन मटेरियल बनवायचं असेल तर उत्तम, अंतराचा प्रश्न सोडवायचा असेल तर माझ्या मते नको. ट्विस्टनेही अंतर थोडं बदलतं, मॉस-टूच्या बायलेयरमध्ये सल्फर सल्फरच्या डोक्यावर आला की थर जरा वर उचलले जातात, पण तिथे अँगलचा स्वतःचा गोंधळ सोबत येतोच. आणि हार्वर्डच्या मंडळींनी २०२४ मध्ये चिपवरच्या मेम्सने (हलणाऱ्या सूक्ष्म यंत्राने) थर वर-खाली आणि गोल फिरवून दाखवलेत, ते आपल्या क्लीनरूममध्ये यायला अजून वेळ आहे, आलं की मी पहिला रांगेत.

तर ज्याचं काम ट्विस्टेड ग्राफीनचं, ट्रान्सपोर्टचं, ज्याच्या ग्रुपमध्ये सेल आधीपासून आहे आणि तो बंद करायचा हात बसलेला एखादा सीनियर अजून गेलेला नाही, त्याने खुशाल दाबाकडे जावं, त्या कामाला दुसरं काही पुरं पडणार नाही. सेल नवा घ्यायचाय आणि शिकवणारं कुणी नाही असं असेल तर मी दहादा विचार करा म्हणेन. टीएमडीचं ऑप्टिक्स असेल, गेट हवा असेल आणि तीन-चार वर्षांत बाहेर पडायचं असेल तर पायऱ्यांच्या एचबीएनपासून सुरुवात करा, निदान पहिल्या पेपरपुरती. दाबाचं काम नंतर कुणाबरोबर कोलॅबोरेशनमध्ये करता येतं, त्यांचा सेल, त्यांच्या तारा.

आणि एचबीएन घेताना सीव्हीडीचं (वायूतून वाढवलेलं) घेऊ नका, मोठं आणि सोयीचं दिसतं पण त्यात ग्रेन बाउंड्री (क्रिस्टलच्या तुकड्यांचे सांधे) आणि मधूनच दुसरा थर उगवलेला असतो, मग एका पायरीवर अंतर नेमकं किती ते परत अंदाजाने. जपानच्या त्सुकुबाहून वातानाबे-तानिगुची या संशोधकांचे क्रिस्टल तुमच्या लॅबमध्ये येत असतील तर तेच वापरा. तेही उच्च दाबाच्या प्रेसमध्येच वाढवलेले असतात, पण तो दाब त्यांनी दिलाय, आपल्याला नट आवळावा लागत नाही.